विचारायचे कोणाला?

(संस्थेच्या वार्षिक देणगीदार मेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



संत तुकाराम नगरातील आपल्या या वास्तूत दरवर्षी या प्रसंगी आम्ही आपल्यापुढे आकडे मांडतो. रुग्ण किती तपासले, शस्त्रक्रिया किती झाल्या, देणग्या किती आल्या आणि त्यांचा विनियोग कसा झाला, हे सांगणे आमचे कर्तव्यच आहे. ते सर्व आकडे लेखापरीक्षकांनी तपासलेले असून अहवालात छापलेले आहेत. ते पुन्हा वाचून दाखविण्यात आपला वेळ न घेता, आज एकाच विषयावर बोलण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्ष महोदयांकडे मागितली आणि त्यांनी ती उदार मनाने दिली.

विषय आहे शिकण्याच्या संगणकीय यंत्रणेचा, आणि अशी यंत्रणा उभारण्यात ज्यांनी आयुष्य घातले त्या माणसांचा. रुग्णालयाच्या मेळाव्यात हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर म्हणून प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. ती आमच्या चुकीची आहे, आणि अहवालात ती यावी असा आमचाच आग्रह आहे.

काही वर्षांपूर्वी चाकणच्या पलीकडील एका गावातील वृद्ध गृहस्थ पक्षाघाताने आपल्याकडे दाखल झाले होते. जीव वाचला, परंतु गिळण्याची शक्ती गेली. नाकातून नळी घालून पातळ अन्न द्यावे लागे. घरी सोडताना हे काम सुनेला शिकविणे आवश्यक होते. त्यासाठी आम्ही नुकतीच एक संगणकीय शिक्षणयंत्रणा विकत घेतली होती. सूनबाईंना कक्षातील पडद्यापुढे बसवून चित्रफीत दाखविण्यात आली, त्यांची सही घेण्यात आली आणि रुग्णाच्या नोंदीत ‘प्रशिक्षण पूर्ण’ अशी खूण झाली. थोड्याच दिवसांत ते गृहस्थ ताप आणि धाप घेऊन परत आले. अन्नाचा अंश श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला सूज आली होती. नळीतून अन्न देताना रुग्णाचे डोके आणि पाठ उंच ठेवावी लागते आणि त्यानंतरही काही काळ तसेच ठेवावे लागते. सूनबाईंनी त्यांना जवळजवळ आडवे ठेवूनच अन्न दिले होते.

आम्ही त्यांना विचारले, “चित्रफितीत दाखविले होते ना?” त्या म्हणाल्या, “होय साहेब, सगळं पाहिलं. पण तुमच्या फिल्ममधल्या खाटेला दांडा होता, फिरवला की पाठ वर येते. आमच्या घरी साधी बाज आहे. उशा लावल्या तर ते घसरायचे. आता हे विचारायचं कोणाला?”

ते गृहस्थ बरे होऊन घरी गेले, ही परमेश्वराची कृपा. त्या सायंकाळी आम्ही कार्यालयात बसून ती नोंद उघडून पाहिली. तारीख होती, वेळ होती, सही होती. नोंदीत एकही त्रुटी नव्हती. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. तीस वर्षे नोंदी बिनचूक ठेवण्यात गेली. नोंद पूर्ण आणि काम अपूर्ण असे असू शकते, हे इतक्या स्पष्टपणे त्या दिवशी प्रथमच दिसले.

आता ती यंत्रणा आम्ही कशी घेतली, तेही सांगितले पाहिजे. एका विक्रेत्याने देखणे सादरीकरण केले. पडद्यावर आलेख होते, रंगीत खुणा होत्या. कोणी किती धडे पूर्ण केले ते व्यवस्थापनाला एका दृष्टिक्षेपात दिसेल, असे सांगण्यात आले. आम्हांला नेमके तेच आवडले. दरपत्रके मागविली, तुलनात्मक तक्ता केला, समितीची मान्यता घेतली. खरेदीची सर्व पथ्ये आम्ही पाळली. मात्र ज्यांनी शिकायचे त्या परिचारिका, मावशी आणि नातेवाईक यांपैकी एकाही व्यक्तीला आम्ही पडद्यापुढे बसवून पाहिले नाही. धडे इंग्रजीत होते. त्यांत बदल करायचा तर प्रत्येक वेळी वेगळे शुल्क होते. मुदत संपल्यावर नूतनीकरण परवडेना, आणि यंत्रणा बंद पडली तेव्हा कोणी तक्रारही केली नाही. आपल्या देणगीतील रक्कम अशी खर्ची पडली, याची कबुली आज आपल्यासमोर देतो.

त्यानंतर आमच्या संगणक विभागात एक तरुण सहकारी रुजू झाला. त्याच्या इच्छेनुसार त्याचे नाव येथे घेत नाही. संकेतस्थळे तयार करणे हा त्याचा व्यवसाय. शिक्षण झाल्यावर परिसरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळेचा सहायक म्हणून तो लागला. पुढे त्याने तेथे मूडल नावाची विनामूल्य शिक्षणप्रणाली बसविली, आणि गृहपाठ, चाचण्या, शंकासमाधान असे एकेक दालन त्यात उघडत आठ वर्षे काढली. या औद्योगिक पट्ट्यात त्याच्या जोडीचे तरुण कंपन्यांत गेले, परदेशी गेले. तो महाविद्यालयातच राहिला. कारण विचारल्यावर तो म्हणाला, “साहेब, कंपनीत मी लिहिलेलं कोण वापरतं ते मला दिसत नाही. इथे मुलगा कुठल्या प्रश्नावर अडला ते दुसऱ्या दिवशी कळतं.”

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि जी प्रणाली काही मोजक्या वर्गांसाठी होती तिच्यावर सारे महाविद्यालय एका आठवड्यात येऊन पडले. सर्व्हर वारंवार बंद पडू लागला. खेड आणि मावळ तालुक्यांतील मुले मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन बसत. त्याने रात्री जागून लांबलचक चित्रफिती काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी अध्यापकांचा आवाज व स्थिर चित्रे ठेवली, म्हणजे कमी रेंजमध्येही धडा उतरवून घेता येईल. याच काळात आपल्या शेजारचे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय कोविड रुग्णांनी भरलेले होते, आणि देशभरातील आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्र सरकारने ‘दीक्षा’ या शैक्षणिक मंचावर एप्रिल २०२० मध्ये ‘आयगॉट’ नावाने कोविडचे प्रशिक्षण सुरू केले होते. शाळेसाठी उभारलेले व्यासपीठ त्या दिवसांत रुग्णालयांच्या उपयोगी पडले.

आमच्याकडे आल्यावर या सहकाऱ्याला आम्ही तो जुना प्रसंग सांगितला. त्याने आम्हांला मूडल ज्याने निर्माण केले त्या माणसाची हकिकत ऐकविली. ती आम्ही नंतर पडताळून घेतली. रुग्णालयाशी तिचे नाते इतके जवळचे आहे की ती आपल्यालाही सांगावीशी वाटते.

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात वस्त्या एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर. तेथे डॉक्टर पोहोचावा म्हणून जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने १९२८ साली विमानाने डॉक्टर पाठविण्याची सेवा सुरू केली. परंतु डॉक्टरला बोलवायचे कसे? वस्तीवर तार नाही, वीज नाही. आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने पायाने पेडल मारून चालणारा रेडिओसंच तयार केला आणि १९२९ पासून दूरच्या वस्त्या डॉक्टरशी बोलू लागल्या. पुढे याच जाळ्यावरून मुलांना शिकवावे ही कल्पना निघाली, आणि १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे आकाशवाणीवरील शाळा सुरू झाली. आपल्याकडील रेडिओप्रमाणे ती नुसती ऐकायची नव्हती. बाईंनी प्रश्न विचारला की शेकडो किलोमीटरवरचा मुलगा उत्तर देई, आणि त्याला शंका असली तर तोही विचारी. रुग्णाला डॉक्टरशी बोलता यावे म्हणून उभारलेली वाट होती, म्हणूनच ती दुहेरी होती.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात वाढलेला मार्टिन डुगियामास हा मुलगा अशाच रेडिओशाळेत शिकला. पुढे १९९० च्या दशकात तो पर्थ येथील कर्टिन विद्यापीठात संकेतस्थळांचे काम पाहू लागला. तेथे वेबसीटी नावाची विकत घेतलेली शिक्षणप्रणाली सांभाळण्याचे काम त्याच्याकडे होते. अध्यापकांच्या अडचणी रोज त्याच्या कानी येत, परंतु प्रणालीचा गाभा विक्रेत्याच्या ताब्यात असल्याने त्याला काही बदलता येत नसे. अखेरीस त्याने स्वतःच नवी प्रणाली लिहावयास घेतली. २० ऑगस्ट २००२ रोजी मूडलची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. ती विनामूल्य होती आणि तिची संहिता खुली होती, म्हणजे जगातील कोणीही ती वाचावी, बदलावी आणि आपल्या भाषेत आणावी. मराठीचाही त्यात समावेश झाला. २००५ साली ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने तिचा स्वीकार केला. माणूस एकटा ऐकून जितके शिकतो त्यापेक्षा इतरांशी बोलून आणि इतरांसाठी काही करून अधिक शिकतो, ही त्याची धारणा होती. म्हणूनच त्याने धड्यांइतकेच महत्त्व चर्चेच्या दालनाला दिले. वाळवंटातील त्या मुलाला विचारण्याची सोय मिळाली होती. त्याने तीच सोय जगाला करून दिली, असे आम्ही समजतो.

हे परदेशातच घडले असे नाही. याच विचाराची वाट आपल्या महाराष्ट्रात त्याच्याही आधी पडलेली आहे. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. राम ताकवले हे १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचे ब्रीद. नोकरी करणारी, संसारात अडकलेली, शाळा सुटलेली माणसे पुस्तकावरून स्वतः शिकतील, ही त्यामागील श्रद्धा. परंतु नुसती पुस्तके टपालाने पाठवून विद्यापीठ थांबले नाही. गावोगावी अभ्यासकेंद्रे काढली आणि प्रत्येक केंद्रावर शंका विचारण्यासाठी समंत्रक नेमले. ‘समंत्रक’ हा शब्द आम्हांला फार आवडतो. पुस्तकाशी अडलेल्या विद्यार्थ्याजवळ बसून मसलत करणारा माणूस, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

पुढे २००१ साली राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याच्या जडणघडणीतही डॉ. ताकवले यांचा मोठा वाटा होता. महामंडळाचा ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम आपणांपैकी अनेकांच्या घरात कोणी ना कोणी केलेला असेल. आपल्या नोंदणी खिडकीवरील कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो केलेला आहे. विद्यार्थी संगणकापुढे स्वतः शिकतो, पडदाच त्याला शिकवतो. तरीही केंद्रात एक मार्गदर्शक हजर असतो. तालुक्याच्या बाजारपेठेतील एका गाळ्यात ज्यांनी प्रथम माउस हातात धरला, त्यांना तो मार्गदर्शक आजही आठवतो.

मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक दीपक फाटक यांचे कार्य याच वाटेवरचे. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण इंदुरात झाले. त्यानंतर ते मुंबईस आले आणि १९७१ पासून त्यांनी संगणकशास्त्राच्या अध्यापनाला वाहून घेतले. आयआयटीत शिकण्याचे भाग्य थोड्यांचे. बाहेरच्या शेकडो महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. २००३ साली त्यांनी या कामासाठी जो प्रकल्प हाती घेतला त्याचे नाव ‘एकलव्य’. गुरूपासून दूर राहून शिकणाऱ्याचे याहून समर्पक नाव कोणते? पुढे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून देशभरातील दूरस्थ केंद्रांवर जमलेल्या अध्यापकांना एकाच वेळी शिकविणाऱ्या कार्यशाळा त्यांनी घेतल्या. एका वेळी हजार, आणि नंतर दहा हजार अध्यापक हे उद्दिष्ट होते. शिक्षण पडद्यावरून होत असले तरी प्रत्येक केंद्राचा समन्वयक आधी मुंबईस येऊन तयार होऊन जाई. २०१३ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

त्याच आयआयटीतील प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम आमच्या अधिक उपयोगी पडला. साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा. अर्ध्या पडद्यावर धडा चालतो आणि उरलेल्या अर्ध्यावर विद्यार्थी तेच काम स्वतः करीत जातो. पडद्यावरील अक्षरे इंग्रजीच राहतात, कारण नोकरीत तीच वापरावी लागतात. समजावून सांगणारा आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत असतो. शिक्षक जवळ नाही हे गृहीत धरून प्रत्येक पायरी बोललेली असते. ‘आता येथे दाबा’, ‘आता असे दिसेल’. याच पद्धतीने पुढे आयआयटीत माता आणि बालकांच्या पोषणाचे धडेही तयार झाले. बाळाला अंगावर पाजताना कसे धरावे, हे त्यांत पायरीपायरीने दाखविलेले आहे. संगणक शिकविण्यासाठी तयार झालेली रीत बाळंतिणीच्या खाटेपर्यंत आली, हे पाहून आम्हांला फार समाधान वाटले.

या सर्व उदाहरणांतून आमच्या सहकाऱ्याने एकच प्रश्न आमच्यापुढे ठेवला. “साहेब, तुम्ही यंत्रणेला विचारत होता की धडा कोणी पूर्ण केला. आपण तिला विचारूया की माणूस कुठे थांबला.”

त्याने जुन्या संगणकावर मूडल बसविले. आरंभी केवळ परिचारिकांसाठी काही धडे ठेवले आणि दोन महिने नुसते निरीक्षण केले. नोंदींतून दिसले की धडे सर्वाधिक उघडले जातात ते मध्यरात्री दोन ते चारच्या दरम्यान, म्हणजे रात्रपाळीत कक्ष शांत झाल्यावर. आणि बहुतेक जणी धडा मध्येच सोडून देत. पूर्वीच्या पद्धतीने आम्ही त्यांना ‘अपूर्ण’ ठरवून ताकीद दिली असती. त्याने रात्रपाळीला जाऊन पाहिले. रुग्णाची घंटा वाजली की सिस्टर उठून जात आणि परत आल्यावर धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. दोष सिस्टरांचा नव्हता, धड्याच्या लांबीचा होता. त्याने धड्यांचे तीन-तीन मिनिटांचे तुकडे केले, आणि जेथे थांबले तेथूनच पुढे जाता येईल अशी सोय केली. आवाज आमच्याच ज्येष्ठ सिस्टरांचा, त्यांच्या रोजच्या मराठीत. ‘अ‍ॅस्पिरेशन’ हा शब्द तसाच ठेवला, कारण डॉक्टर तोच वापरतात. परंतु त्यापुढे लगेच ‘अन्न श्वासनलिकेत जाणे’ असे सांगितले.

नातेवाइकांचे धडे त्यानंतर केले, आणि त्यांत त्या सूनबाईंनी मदत केली. होय, आम्ही त्यांना निरोप पाठविला आणि त्या आल्या. नळीतून अन्न देण्याची नवी चित्रफीत रुग्णालयाच्या खाटेवर न घेता साध्या बाजेवर घेतली. पाठीमागे घडी घातलेली गादी कशी लावावी, रुग्ण घसरू नये म्हणून गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी कशी ठेवावी, हे आमच्या भौतिकोपचार विभागाने दाखविले आणि सूनबाईंनी ते आपल्या हातांनी केले. त्या चित्रफितीत जे हात दिसतात ते त्यांचे आहेत.

याखेरीज दोन नियम केले. पहिला असा की चित्रफीत पाहिल्याने कोणाचेही प्रशिक्षण पूर्ण धरले जाणार नाही. नातेवाइकाने सिस्टरांसमोर ती कृती स्वतःच्या हातांनी करून दाखवावी, आणि मगच सिस्टरांनी खूण करावी. ती खूण दुसरा कोणीही करू शकत नाही. दुसरा नियम असा की प्रत्येक धड्याच्या शेवटी कक्षाचा दूरध्वनी क्रमांक सांगितला जातो, आणि तो दूरध्वनी उचलणे हे त्या पाळीच्या प्रमुख सिस्टरांचे नेमून दिलेले काम आहे. विचारलेला प्रश्न वहीत लिहिला जातो. दर महिन्याला ती वही घेऊन आमचा सहकारी आणि सिस्टर एकत्र बसतात, आणि जो प्रश्न वारंवार आला असेल त्यासाठी धडा सुधारतात. ही वही म्हणजे आमच्या मते या यंत्रणेचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि तिची किंमत एका वहीइतकीच आहे.

आता हिशेबाकडे वळू, कारण आमचा धर्म तो आहे. मूडलसाठी परवान्याचे शुल्क लागत नाही, हे ऐकून काही विश्वस्तांनी आनंदाने विचारले होते, “म्हणजे फुकटच ना?” फुकट तर मुळीच नाही. घरी विहीर असली तरी पाणी शेंदणारा लागतो. सर्व्हर जपावा लागतो, दररोज प्रत काढून ठेवावी लागते, नव्या आवृत्त्या चढवाव्या लागतात, रुग्णांची माहिती बाहेर जाणार नाही याची खबरदारी घ्यावी लागते, आणि औषधोपचाराची पद्धत बदलली की धडा त्याच आठवड्यात बदलावा लागतो. जुना धडा हा मुदत संपलेल्या औषधासारखाच असतो. या सर्वांसाठी माणूस लागतो, आणि माणसाला दरमहा वेतन लागते.

येथे एक अडचण आहे आणि ती मोकळेपणाने मांडतो. देणगीदारांचा स्वाभाविक ओढा भांडवली खर्चाकडे असतो. यंत्र घेतले की ते दिसते, त्यावर आईवडिलांच्या स्मरणार्थ नाव लावता येते. ती भावना पवित्र आहे आणि तिच्यामुळेच हे रुग्णालय उभे राहिले. परंतु यंत्राला पहिल्या दिवसापासून घसारा लागतो, आणि शिकलेल्या हाताचे मोल मात्र वाढत जाते. तरीही ताळेबंदात पहिले मालमत्ता म्हणून दिसते आणि दुसरे खर्च म्हणून. आम्ही आयुष्यभर ताळेबंद लिहिले. ही त्रुटी दूर करणे आमच्या हाती नाही, ती आपल्या नजरेस आणून देणे एवढेच हाती आहे.

निर्धन रुग्ण निधीतून हा खर्च करता येणार नाही. २००६ साली उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवतात, आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम त्या निधीत जमा करतात. तो पैसा त्या रुग्णांच्या उपचारांचा आहे आणि त्याला हात लावणे योग्य नाही. आमच्या तरुण सहकाऱ्याचे पद आजवर वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर चालत आले आहे. चालू मुदत या आर्थिक वर्षाच्या अखेरीस संपते. त्याला बाहेर याहून पुष्कळ अधिक वेतनाची नोकरी सहज मिळेल, आणि त्याने ती घेतली तर त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्याच्याही घरी संसार आहे. मात्र तो गेल्यावर धडे हळूहळू जुने होतील, वहीतील प्रश्न वहीतच राहतील, आणि एखाद्या वर्षाने आमच्या पडद्यावर पुन्हा बिनचूक नोंदी दिसू लागतील. आम्हांला भीती वाटते ती त्या बिनचूक नोंदींची.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही असा प्रस्ताव ठेवला आहे की हे पद कायम करावे, त्याच्या हाताखाली एक साहाय्यक द्यावा, म्हणजे सारे ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात राहणार नाही, आणि या खर्चासाठी वेगळा शिक्षण निधी उभारावा. निधीची मुद्दल अबाधित राहील आणि व्याजातून वेतन दिले जाईल. दरवर्षी या निधीचा हिशेब अहवालात स्वतंत्र पानावर छापला जाईल. त्या पानावर किती जणांनी धडे पूर्ण केले हा आकडा आम्ही देणार नाही. किती प्रश्न विचारले गेले आणि त्यांपैकी कितींची उत्तरे दिली गेली, हे देऊ.

या यंत्रणेला मर्यादाही आहेत. ज्यांच्या घरी मोबाइल एकच आणि तोही मुलाबरोबर कारखान्यात जातो, त्यांच्यापर्यंत आमचे धडे पोहोचत नाहीत. त्यांच्यासाठी आजही छापील कागद आणि सिस्टरांचा शब्द हेच साधन आहे. परराज्यांतून या पट्ट्यात कामाला आलेल्या कुटुंबांसाठी हिंदीतील धडे अद्याप अपुरे आहेत. पडद्याने हात शिकत नाही. हाताला हातच शिकवतो. पडदा एवढेच करू शकतो की सिस्टरांचे तेच ते सांगण्याचे श्रम वाचवावेत आणि तो वेळ रुग्णाजवळ बसण्यासाठी मोकळा करावा. तेवढे झाले तरी पुष्कळ झाले.

ज्या संतश्रेष्ठांचे नाव आपल्या या नगराला लाभले आहे, त्यांच्याविषयीची एक परंपरागत कथा आपण सर्व जाणतो. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. पुढे त्यांच्या वह्याही त्याच डोहात बुडविण्यात आल्या, आणि त्या तरल्या. लोकांच्या मुखी जे गेले होते ते बुडणारच नव्हते, असाही त्या कथेचा अर्थ सांगितला जातो. आम्ही हिशेबनीस माणसे वह्या जपण्यासाठी नेमलेली. परंतु या वयात आम्हांला एवढे उमगले आहे की जे माणसांच्या मुखी आणि हाती गेले तेच खरे शिल्लक. सर्व्हर आज ना उद्या बंद पडेल. त्या गावातील सूनबाईंनी आता शेजारच्या दोन घरांत जाऊन बाजेवर गादी कशी लावावी ते शिकविले आहे. त्यांना कोणी प्रमाणपत्र दिलेले नाही. शेजारणींना विचारायचे कोणाला, ते मात्र ठाऊक झाले आहे.

 रात्रपाळीत धड्यांना आपला आवाज देणाऱ्या सिस्टरांचे, भौतिकोपचार विभागाचे, आणि या भाषणात आपले नाव घेऊ नका असे बजावणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्याचे मनःपूर्वक आभार मानतो. मेळाव्यानंतर तळमजल्यावरील प्रशिक्षण कक्षात ते धडे पाहण्यास आपण अवश्य यावे. पाहून झाल्यावर काही शंका राहिली तर जरूर विचारावे. उत्तर देण्यासाठी तेथे सिस्टर बसलेल्या आहेत.